वाटून घेतलेलं औषध

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचे ऑटोवाले, सगळे मला जरा जपूनच असतात. त्यात नोकरीही अशी मिळाली की राग वाढतच गेला. बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनायचे, आणि ते बरोबर आहेत की नाहीत हे तपासण्यात माझा जन्म गेला. एका लॉटचा माल दुसऱ्या लॉटच्या क्रेटमध्ये पडलेला दिसला की मी कारखानाभर ओरडत फिरायचो. पोरं माझ्यामागे मला काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझं ओरडणं येणारच आहे. पण गोष्ट माझी नाही, अक्काची आहे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. किती पिढ्या झाल्या ते कोणी मोजत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. अक्काने लग्न केलं नाही. चामराजपेटेतल्या एका शाळेत तिने उभा जन्म गणित शिकवलं. माझी बायको गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली की मी तिच्याकडे, यावर आमचा अजून वाद आहे, कारण घर वडिलांचं आहे.

तिचं दुखणं तळहातांपासून सुरू झालं. पुरळ नाही, गांधी नाहीत, लाली नाही, आणि तरी खाज. आधी तळहात, मग तळपाय, मग सगळं अंग. दिवसा कशीबशी दबून राहायची आणि दिवे मालवले की जागी व्हायची. मग अक्का न्हाणीत जाऊन ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहायची, तेवढाच गारवा. दंडांवर नखांचे ओरखडे उठायचे, म्हणून ती ऐन एप्रिलात लांब बाह्यांचे ब्लाऊज घालायला लागली. जिच्या वर्गात जांभई द्यायची कोणाची छाती नव्हती, ती सकाळी अकरालाच खुर्चीत पेंगायची.

उपाय काय कमी केले? एकाने साबण बदलायला लावला. दुसऱ्याने ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, त्यांनी झोप आली नाही, नुसती गुंगी आली. कोणी जंत म्हणालं, कोणी कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ सांगितली. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेवटी एक शहाणा भेटला. त्याने अक्काला खुर्चीत तसंच बसवून मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की एकट्या राहिलेल्या बायकांचं असं होतं, हे मनाचं असतं. त्याला मी जे ऐकवलं ते त्याच्या दाराशी बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. मग अक्काला ऑटोत घातलं आणि निघालो. घर जवळ आल्यावर तिने हळूच विचारलं, खरंच मनाचं असेल का रे? फळ्यावर गणित मांडताना जिचा हात कधी थबकला नाही, तिला स्वतःच्या कातडीचा भरवसा वाटेनासा झाला होता.

पुढे एका रक्ततपासणीत एक आकडा वाढलेला निघाला. तो हाडांमुळेही वाढतो म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. आमच्या पेटेतल्या एका तरुण डॉक्टरने मात्र तो सोडला नाही. त्याने आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे एक डॉक्टरबाई फक्त असल्याच दुखण्यांवर संशोधन करतात, असं तो म्हणाला.

बाई पन्नाशीच्या आत-बाहेरच्या, म्हैसूरकडचं मऊ कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी खाज येते का, असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, कुठे उभं राहिलं की बरं वाटतं? अक्का म्हणाली, न्हाणीतल्या ओल्या फरशीवर. बाईंनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं. मग कागदावरच्या आकड्यांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे मनाचं नाही. रक्तात दिसतंय." अक्का तिथेच रडली. मी तिला आईच्या तेराव्यालाही रडताना पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी समजावलं. लिव्हरमध्ये पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आपल्याला रोगापासून राखायला अंगात जे शिपाई असतात, तेच उलटतात आणि या नळ्यांवर तुटून पडतात. नळ्या खराब झाल्या की पित्त तुंबतं, लिव्हर हळूहळू झिजतं आणि अंगाला खाज सुटते. "बेलीने एद्दु होल मेय्दंगे," त्या म्हणाल्या. आमच्याकडेही तेच म्हणतात, कुंपणच शेत खातं. असले आजार आणखीही आहेत. एकात लिव्हरच्या पेशींवरच हल्ला होतो, एकात मोठ्या नळ्या आवळत जातात. बाई सगळ्यांवरच काम करत होत्या. मी विचारलं, पण हे होतंच कशाने? त्या म्हणाल्या की हे अजून नीट कोणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही. इतक्या शिकलेल्या माणसाने 'माहीत नाही' हे दोन शब्द न चाचरता म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले. कारखान्यात एका इंजिनिअरच्या तोंडून ते काढायला मला आठवडा लागायचा.

नातेवाइकांचा निराळाच ताप. लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाटलीच येते. आमच्या एका चुलत्यांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं की अक्का चोरून घेते की काय. अक्का! जी दुसऱ्याच्या घरची कॉफीसुद्धा फुंकर मारमारून, संशयाने पिते! मी त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोललो नाही. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. या रोगाच्या जुन्या नावात दारूची आठवण करून देणारा शब्द होता, त्या म्हणाल्या, आणि पेशंट बायकांनी लावून धरलं तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना तो बदलावा लागला. हे ऐकून अक्काच्या पाठीचा कणा बोटभर ताठ झाला.

बाईंनी एक रोजची गोळी सुरू केली. तिने आकडा उतरायला लागला, लिव्हरची झीज मंदावली, पण खाज होती तिथेच राहिली. तेव्हा त्यांनी ट्रायलबद्दल सांगितलं. खास खाजेसाठी एक नवं औषध होतं, आणि ते खरंच काम करतं का ते बऱ्याच शहरांतून तपासणार होते. रोजची गोळी चालूच राहायची. तिच्या जोडीला दर महिन्याला एक बाटली मिळायची. अर्ध्या पेशंटांच्या बाटलीत औषधाची गोळी, अर्ध्यांच्या बाटलीत दिसायला हुबेहूब तशीच साधी गोळी. कोणाला काय मिळालं हे पेशंटला कळणार नाही आणि खुद्द बाईंनाही नाही. ट्रायल संपल्यावरच ते उघडायचं. बाईंनी तासभर, एकेक ओळ वाचून, कोणते त्रास होऊ शकतात तेही सांगून सगळं समजावलं. अक्काला ते इतकं पटलं की ती घरी येऊन मलाच शिकवायला बसली.

मी मात्र संमतीच्या कागदावर अक्काची सही व्हायच्या आधी प्रयोगशाळा बघायचा हट्ट धरला. माझ्या बहिणीचं रक्त कुठे जातं ते मला बघायचं होतं. बाईंनी सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि स्वतः फिरवून आणलं. मी प्रत्येक नळीवरचं लेबल वाचलं, वजनकाट्याच्या मागे वाकून शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालंय ते बघितलं, फ्रीझरची वीज गेली तर काय करता ते विचारलं. त्यांनी दुसरी जोडणी दाखवली, तिसरी दाखवली, आणि एकदा सगळ्याच बंद पडल्या तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नमुने बर्फात घालून गाडीने दुसऱ्या इमारतीत कसे नेले ते सांगितलं. मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. घरी जाताना मी अक्काला म्हणालो की बाई चांगल्या आहेत. अक्का म्हणाली, तुझ्याकडून हे म्हणजे पद्मश्रीच झाली.

ट्रायलमध्येच अक्काला मैत्रीण मिळाली. ती आनेकलची. तिची तिथे खानावळ होती, कारखान्यांतल्या कामगारांना दोन वेळा जेवायला घालायची. दणदणीत आवाज, हातभर बांगड्या, आणि रोग तोच. पण तिची खाज अक्काहून भयंकर होती. तव्यासमोर उभं राहिलं की अंगाची आग व्हायची, आणि खानावळ सोडून तिला भागणारं नव्हतं. दोघींच्या तपासणीचा दिवस एकच असायचा. पहिल्या भेटीत दोघींनी एकमेकींना तळहात दाखवले. दुसऱ्या भेटीपासून ती आमच्या घरी यायला लागली. अक्काला ती अक्काच म्हणायची, मला अण्णा. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, अण्णा, तुमच्या सांबारात स्वल्प गूळ कमी आहे. मी तिचं वाईट मानलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. या गावात एकट्याने खायची पद्धत नाही. संक्रांतीला बायका एळ्ळु-बेल्ला घेऊन दारोदार फिरतात, तीळ, गूळ, खोबरं, दाणे, सगळं कालवून वाटतात. एरवीही घरात काही केलं की वाटी शेजारी जाते आणि त्यांच्याकडचं काही भरूनच परत येते. आमच्या अक्काला तर देण्याचा नादच. शाळेत डबा उघडला की निम्मा डबा पोरांच्या हातात. आणि कोणाचं घ्यायची वेळ आली की हिचं तोंड कडू. तिला भेट द्यायची म्हणजे आधी भांडावं लागतं.

औषध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत अक्का सकाळी टवटवीत दिसायला लागली. खाज गेली नव्हती, पण उतरली होती. झोप लागत होती. तिला खात्रीच पटली की खरी गोळी आपल्या बाटलीत आहे. आनेकलवालीला मात्र काही फरक नव्हता. तिच्या मानेवर नवे ओरखडे दिसायचे. अक्काचं जेवणावरचं लक्ष उडालं. माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही, असं ती दोनदा मला म्हणाली. मी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. मला वाटलं, बायकांचा जीव, हळहळतायत.

एका रविवारी मी बाजारातून आलो. आनेकलवाली अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची पिशवी घेऊन आली होती, कारण त्यांचा मोसम होता. दोघी जमिनीवर बसल्या होत्या. मधे स्टीलचं ताट. मला वाटलं शेंगा सोलतायत. जवळ जाऊन बघतो तर ताटात गोळ्या! पांढऱ्या, एकसारख्या, तांदूळ निवडायला घ्यावा तशा पसरलेल्या, आणि बाजूला दोन रिकाम्या बाटल्या. अक्का हाताने गोळ्या खालीवर करून दोन सारखे वाटे घालत होती. मी विचारलं हे काय. अक्का शांतपणे म्हणाली की दोन्ही बाटल्या एकत्र केल्या म्हणजे निम्मं-निम्मं औषध दोघींनाही मिळतं, कोणाचंच नुकसान नाही. आणि हे पहिलं वाटप नव्हतंच. आधीच्या महिन्यातही असंच झालं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन लॉट! एका ताटात! ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर माणसांना फाडून खाल्लं, ती माझ्याच घरात, माझ्याच ताटात, माझ्याच बहिणीने केली होती. मी काय काय बोललो ते आठवत नाही, पण समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्याचं आठवतं. अक्काही काही कमी नाही. ती म्हणाली, तुझ्या कारखान्यातल्या नटांना खाज सुटत नाही, म्हणून तुला हे कळत नाही. आनेकलवाली गप्प बसून पदराने ताटाची कड पुसत राहिली. तिला एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

राग ओसरल्यावर मी खाली बसलो. अक्काला म्हणालो की बाईंना दोन ढीग वेगळे ठेवून बघायचंय, खऱ्या गोळीवाल्यांची खाज कमी होते की साध्या गोळीवाल्यांची. तुम्ही दोघी एकसारख्या झालात, तर बाईंनी त्यातून काय वाचायचं? आणि चुकीचं वाचलं, तर तुमच्यामागून येणाऱ्या बायकांना चुकीचंच औषध मिळेल. अक्काने ताटातल्या गोळ्यांवरचा हात मागे घेतला. तिचा चेहरा पडत गेला. कॉपी करणाऱ्या पोरांना जिने वर्गाबाहेर उभं केलं, ती हळूच म्हणाली, म्हणजे आम्ही दोघींनी एकच पेपर लिहिला. मी म्हणालो, अगदी तसंच.

सांगायचं की नाही हा प्रश्न होता, आणि तो सोपा नव्हता. कारण आता दोघी झोपत होत्या. आनेकलवालीची मान पुन्हा साफ दिसायला लागली होती, ती तव्यासमोर उभी राहून गाणी म्हणते असं अक्का सांगायची. सांगितलं की गोळ्या बंद होणार हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. मी, क्वालिटीचा माणूस, तोंड उघडून सांग म्हणू शकलो नाही. बहिणीची झोप माझ्या हाताने कशी काढून घेऊ? तो निर्णय अक्काने घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही वाटे एका डब्यात भरले, आनेकलला फोन केला, आणि दोघी इस्पितळात गेल्या. मी मागे मागे.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी मनात तयारी केली होती, कारण त्यांच्या जागी मी असतो तर छत खाली आणलं असतं. त्यांची किती वर्षांची मेहनत! त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले, आणि कधीपासून, किती, सगळं मिसळलं का, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "मी तासभर बोलले आणि वाटू नका, हे सांगायचंच राहिलं. या गावात जन्म काढून मला ते सुचू नये? चूक माझी आहे."

गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. तपासण्या मात्र चालू ठेवायच्या, असं बाईंनी सांगितलं. आणि झालेला सगळा प्रकार त्या जसाच्या तसा वर कळवणार होत्या, स्वतःच्या विसरण्यासकट. मला राहवलं नाही. मी म्हणालो, या दोघींचे आकडे गाळूनच टाका की, कोणाला कळणार आहे? असं कारखान्यात कोणी म्हटलं असतं तर त्याला मी गेटबाहेर काढलं असतं, पण बहिणीपुढे माणसाची अक्कल गहाण पडते. बाई म्हणाल्या की गैरसोयीचं गाळायला लागलं तर शेवटी सोयीचं तेवढंच उरतं. मी मान खाली घातली. माझ्या धंद्यात इतका सरळ माणूस मला भेटला नाही, आणि हे मी मोकळ्या मनाने सांगतो.

खाज परत आली. काही आठवड्यांतच आली, आधी तळहात, मग तळपाय. अक्का पुन्हा लांब बाह्यांत गेली. मी तिच्यासाठी टॉवेल भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचो आणि स्वयंपाकघरात पाठ फिरवून डोळे पुसायचो. तिला एकदाही बाईंना बोल लावताना मी ऐकलं नाही. तिला काळजी तिच्या मैत्रिणीची. आनेकलवालीने खानावळीचं एक वेळचं जेवण बंद केलं होतं, उभं राहवत नव्हतं. फोनवर मात्र ती तशीच खिदळायची.

बाईंनी या दोघींना वाऱ्यावर सोडलं नाही. खाजेवर जी जुनी औषधं होती ती एकेक करून बघितली, थोडाफार उतार पडला. आणि आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या डोक्यात कधीच आली नसती. नवी बाई ट्रायलमध्ये येणार असली की त्या अक्काला आणि आनेकलवालीला बोलावून घ्यायच्या. बाईंचं सांगून झालं की या दोघी बोलायच्या. आम्ही दोघींनी काय केलं, त्याने काय बिघडलं, लपवाछपवी न करता. अक्का मराठीतून, कन्नडमधून, मोडक्या तमिळमधून. प्रसाद वाटा, भाजी वाटा, सुनेची निंदा वाटा, पण ही गोळी वाटू नका, असं आनेकलवाली सांगायची आणि बायका हसायच्या. मी एकदा दाराशी उभा राहून ऐकलं. स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने, अनोळखी माणसांपुढे, पुन्हा पुन्हा सांगायला छाती लागते. माझ्या बहिणीचा मला तेव्हा वाटला तेवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

मग ट्रायल संपली. बाकीच्या शहरांतले आकडे यायला बराच काळ गेला. शेवटी बाईंनी दोघींना बोलावलं. बाईंना प्रत्येकीला वेगवेगळं भेटायचं होतं, पण या दोघी ऐकतायत होय? एकत्रच बसल्या, आणि मीही घुसलो. बाई थकलेल्या दिसत होत्या पण चेहरा खुलला होता. औषध काम करतं, त्या म्हणाल्या. सगळ्यांवर नाही, पण बऱ्याच जणींवर. आणि आता तुम्हा दोघींनाही खरी गोळी मिळावी म्हणून मी परवानगी मागितली होती, ती आली आहे. अक्काने हात जोडले. मी खिशात रुमाल शोधायला लागलो.

मग अक्काने विचारलं की आमच्या बाटल्यांत काय होतं. बाईंनी कागद पुढे ओढले. अक्काच्या बाटलीत साधी गोळी होती, त्या म्हणाल्या. औषध होतं ते आनेकलवालीच्या बाटलीत.

अक्काचा चेहरा पांढरा पडला. पण मला तर पहिल्यापासून बरं वाटत होतं, ती म्हणाली. बाई म्हणाल्या की असं होतं. आशेने बरं वाटतं, कोणी विचारपूस केली की बरं वाटतं, खाज आपली आपण चढते-उतरते, आणि खरं औषध लागू पडायलाही काही जणींना बरेच आठवडे लागतात. म्हणूनच कोणाला काय मिळालं ते आम्ही स्वतःपासूनसुद्धा लपवतो. अक्काचं तिकडे लक्ष नव्हतं. जन्मभर जी देत आली, तिने त्या ताटातून आपण होऊन दुसरीचं निम्मं औषध उचललं होतं, आणि वर दिल्याचं समाधान मिरवलं होतं. ती मैत्रिणीकडे वळली. तिला माफी मागायची होती.

बाईंनी आनेकलवालीचे कागद उलटले आणि त्या म्हणाल्या, तुम्हाला तर पहिल्याच आठवड्यात जुलाब झाले होते, या औषधाचा तो नेहमीचा त्रास आहे, पहिल्या दिवशी मी वाचून दाखवलं होतं. आनेकलवालीने मान डोलावली. ती आमच्यापैकी कोणाकडेही बघत नव्हती. मला कळायला वेळ लागला. अक्काला लागला नाही.

"तुला माहीत होतं," अक्का म्हणाली. "ताट मांडलं तेव्हाच माहीत होतं."

पोटच ओरडून सांगत होतं की, आनेकलवाली म्हणाली. खानावळवाल्या बाईला दुसऱ्याच्या पोटाचं कळतं, स्वतःच्या नाही कळणार? कायद्याने बघाल तर तिने मोठी चूक केली होती, अक्काच्या चुकीहून मोठी, जाणूनबुजून. माझ्या कारखान्यात असती तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि त्या खोलीत मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं.

"मग बोलली का नाहीस?" अक्काने विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

आनेकलवालीने पहिल्यांदा वर बघितलं. "बोलले असते, तर तुम्ही घेतली असती का, अक्का?"

अक्काने तिचा तळहात आपल्या हातात घेतला.

"नसती घेतली," ती म्हणाली.